मध्यावरचा खंड्या

४ फेब्रुवारी, मंगळवार

ही डायरी मला फुकट मिळाली, कारण ती वाकडी कापली गेली. वरची कड डावीकडे सूतभर उतरलीये. मालक म्हणाले, "ही कोण विकत घेणार? तूच ने. तुझ्यासारखीच आहे." कापली मीच होती. मुद्दाम नाही. म्हणजे अगदीच मुद्दाम नाही.

मी बाइंडिंगच्या दुकानात कटिंग मशीनवर आहे. अकरावीला दोनदा बसले आणि दोनदा उठले, मग मालकांनी घेतलं. काम आवडतं. पातं खाली येताना जो आवाज होतो ना, त्यापुढे शाळेची घंटा काहीच नाही. रिकाम्या वेळात मी उद्योग करते. गेल्या महिन्यात मालकांच्या पावतीपुस्तकाला गोंदच लावला नाही. गिऱ्हाइकासमोर त्यांनी एक पावती ओढली आणि सगळीच हातात आली. घरी बाबांची कवळी लपवून झाली, आईची कात्री तीनदा, चष्मा तर मोजतच नाही. आमच्या घरात काही सापडेनासं झालं की आधी मला विचारतात, मग शोधतात.

बाबांना गेल्या वर्षी झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, जीभ जड झाली. दिवसभर खिडकीपाशी बसतात. आई शेजारी शिलाई मशीन चालवते. एकेक शब्द बोलायला त्यांना एवढा वेळ लागतो की मधल्या वेळात आईची एक बाही शिवून होते.

९ फेब्रुवारी, रविवार

जुन्या वस्तूंच्या बाजारात गेले होते. मालकांच्या टेबलावर ठेवायला रबरी पाल शोधत होते. ती नाही मिळाली. एका टेबलावर एक गृहस्थ डोळ्याला भिंग लावून छोट्या छोट्या चित्रांकडे बघत बसलेले. शेजारच्या दोघातिघांशी गप्पा चालू.

"काका, हे पत्ते खेळायचे?"

"हात लावू नकोस! बिस्किटाच्या पुड्यात यायची ही कार्डं. पक्षीमाला. अठ्ठेचाळीस पक्षी. चौतीस वर्षांपूर्वीची."

मला ती माहीत होती. बाबा तेव्हा मोठ्या छापखान्यात कटर होते, ही कार्डं तिथेच छापली जायची. आईनेच कधीतरी सांगितलं होतं. पण मी गप्प राहिले, म्हटलं बघू काय बोलतायत.

भिंगवाल्यांनी मला शिकवलं. पांढरी कड बघायची. डावीकडे किती, उजवीकडे किती, वर किती, खाली किती. चारही बाजू जुळल्या तर चित्र मध्यावर. ग्रेडिंगवाले दहापैकी मार्क देतात. कोपरे शाबूत, रंग ताजा, एक ओरखडा नाही, तरी चित्र एका बाजूला सरकलेलं असेल तर सहाच्या वर जात नाही. "नऊवाला आणि सहावाला ह्यांच्यात सायकल आणि मोटारीएवढा फरक." शाळेत गुणोत्तर शिकवताना बाईंचा घसा बसला, मला कळलं नाही. इथे पाच मिनिटांत कळलं.

"हा बघ साठ-चाळीस. आमच्यात ह्याला एक पेग म्हणतात. हा सत्तर-तीस, दोन पेग. आणि हा एकोणतीस नंबर, खंड्या. डावीकडे कड जवळजवळ नाहीच. आख्खी बाटली!"

सगळे हसले.

"पेग कशाला?"

"कापणारा पिऊन कापायचा ना! खंड्या, सुतारपक्षी, घुबड हातात आले की हटकून डावीकडे झोक जायचा त्याचा."

मीही हसले. म्हटलं, "एकाच बाजूला झुकणारा बेवडा पहिल्यांदाच ऐकला. आमच्या गल्लीतला तर दोन्ही भिंतींना धडकतो." त्यावर ते अजूनच हसले. भिंगवाल्यांनी तर डोळे पुसले.

मी सगळ्यात जास्त हसत होते. मग परत येताना जिन्यात पाय थांबला. कटर एकच होता त्या छापखान्यात.

१० फेब्रुवारी, सोमवार

बाबांना विचारलं. आईने शिलाई थांबवली.

"तू कुठे ऐकलंस?" आई म्हणाली.

"बाजारात."

"अजून चालूच आहे का ते," असं म्हणून तिने दोरा दाताने तोडला. शेजारी कात्री होती तरी.

बाबा आयुष्यात प्यायले नाहीत. कंपनीने वाकड्या कार्डांची तक्रार केली, छापखान्याने कटरचं नाव पुढे केलं, कोणीतरी दारूचं जोडून दिलं, नोकरी गेली. पुढची तीस वर्षं ते गोदामात वजनकाट्यावर होते. पात्याला परत हात लावला नाही. मला वाटायचं त्यांना काटाच आवडतो.

बाबा बोलायला लागले. "मशीन... सरळ... होतं." बोलतानाही जीभ अशी लोळते की ऐकणाऱ्याला वाटावं प्यायलेत. हे मला आजच सुचलं आणि नको वाटलं.

मग त्यांनी गादीकडे बोट दाखवलं. गादीखाली दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये पक्षीमालेचा न कापलेला अख्खा ताव आहे. आठ उभ्या रांगा, सहा आडव्या, अठ्ठेचाळीस पक्षी. लहानपणी एकदा बघितला होता, चिकट हात लागला म्हणून धपाटाही मिळाला होता. बाबांचा तेवढाच एक धपाटा.

"राहू दे... तसाच. बघणारा... आला की... दाखवू."

काय दाखवणार? आठवण म्हणून ठेवला असणार. आई त्यांची पहिल्या पगाराची पिशवी ठेवते, तसं.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज भिंगवाल्यांसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "तो बाटलीवाला माझा बाप."

त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. भिंग डोळ्यातून गळून मांडीवर पडलं. खूप वेळा माफी मागितली. माणूस वाईट नाहीये, हीच पंचाईत आहे. पक्षीमालेवर पुस्तक लिहितायत. "तुझ्या वडिलांना भेटता येईल? मी सोळा मार्चला परत येतोय, तेव्हा घरी येईन. त्यांचं म्हणणं छापीन. शब्द न् शब्द."

"त्यांचं म्हणणं एकच आहे, ते सरळ कापायचे."

"मग एक तरी खंड्या मध्यावर का नाही गं? हजारो बघितले मी. एक मध्यावरचा खंड्या दाखव, मी सगळ्यांदेखत शब्द मागे घेतो. पेगबिग सगळं बंद."

घरी येईपर्यंत मी फुटपाथवरून चालत नव्हते, उडत होते. मध्यावरचा खंड्या? आहे की! आमच्या गादीखाली आहे. फक्त अजून कापायचा आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

विचार करून लिहितेय, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की विचार केला नाही.

ताव जुना, शाई जुनी, कागद जुना, छापखाना तोच. फक्त पातं आत्ताचं. कापणारी त्यांचीच मुलगी. ह्यात खोटं किती? चार कडांएवढं. कार्ड ग्रेडिंगला पाठवायचं, नऊ मिळवायचे, सोळा मार्चला भिंगवाल्यांच्या नाकासमोर धरायचं. माणूस सोळाला येणार एवढंच घरी सांगितलंय, खंड्याचं बाबांना आधी सांगायचं नाही. त्यांचं तोंड मला त्याच क्षणी बघायचंय. आजवर सगळे उद्योग लोकांना रडवायला केले. हसवायला केलेला हा पहिला.

ते "राहू दे तसाच" म्हणाले होते. पण मीच मागितला असता तर दिला असता. बहुतेक.

२० फेब्रुवारी, गुरुवार

झालं!

आई बाबांना व्यायामाला दवाखान्यात घेऊन गेली आणि मी ताव काढला. जागेवर त्याच वजनाचा कोरा कागद ठेवला. दुपारी मालक जेवून खुर्चीत घोरायला लागले की दुकान माझं.

एका फटक्यात नाही कापला. एकेक रांग पात्याखाली घेऊन, कड मोजून, श्वास धरून. आयुष्यात एवढं मन लावून काही केलं नाही. पहिल्या चार रांगा लोण्यासारख्या. पाचवी मात्र विचित्र. ती चौथीला चिकटून बसलेली, बसमध्ये शेजारचा माणूस उगाच टेकतो ना, तशी, आणि सहावीच्या बाजूला मोकळी जागा. खंड्या, त्याच्यावर सुतारपक्षी, खाली घुबड, पाचवीतले सगळेच्या सगळे टेकलेले. डावीकडे कडच पुरेना. मग उजवीकडूनही तेवढंच छाटलं. चित्र अगदी मध्यावर आलं, पण कार्ड इतरांपेक्षा दोन मिलिमीटर बारीक झालं. चालायचं. मार्क चित्र मध्यावर असण्याचे असतात, पोटाच्या घेराचे नाहीत. पाचवी आणि सहावीच्या मधून एक लांबलचक पट्टी निघाली, बाकी चारी बाजूंची कतरण. सगळं टोपलीत.

खंड्या काय दिसतो! पन्नास-पन्नास. वर खाली, डावीकडे उजवीकडे. उडून जाईल असं वाटतं.

घरी आले तर ती लांब पट्टी माझ्या स्वेटरच्या पाठीला चिकटून आलेली. बाबांनी डाव्या हाताने ओढून काढली. उजेडात धरली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघत राहिले, एवढा वेळ की मीच म्हटलं, "दुकानातली कतरण आहे हो. सोनं नाही."

पुन्हा पट्टीकडे बघितलं. मग म्हणाले, "हात... सरळ आहे... तुझा."

चार वर्षं मशीनवर आहे, पहिल्यांदा म्हणाले. मी नाचलेच. आई म्हणाली, "काय झालं हिला?" बाबा पट्टीची घडी घालत बसले. जेवलेही कमी. दवाखान्यात दमवलं असणार.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

खंड्या ग्रेडिंगला पाठवला. दुकानाचा पत्ता दिला. बाकीचे सत्तेचाळीस पक्षी दोऱ्याच्या डब्यात.

१ मार्च, शनिवार

अजून उत्तर नाही. मालकांच्या छत्रीत कतरण भरून ठेवली होती. उघडली आणि अंगभर पांढरे झाले. मला हसू आलं नाही. मालकच घाबरले, "बरं नाहीये का तुला?"

बाबा हल्ली गादीकडे बघत नाहीत.

८ मार्च, शनिवार

पाकीट आलं. कार्ड परत, सोबत चिठ्ठी. चिठ्ठीत तीन ओळी.

मापात कमी. कडा नव्याने कापलेल्या. ग्रेड देता येत नाही.

दहापैकी शून्यसुद्धा नाही. मला शाळेतही एवढे कमी मिळाले नव्हते. शाळेत निदान पेपर तपासायचे.

९ मार्च, रविवार

लिहू की नको असं झालंय. लिहिते.

भिंगवाले सोळाला येणार म्हणाले होते, पण आज सहज बाजारात गेले तर ते टेबलावर हजर. लवकर परतले होते. खंड्या त्यांच्यापुढे ठेवला, म्हटलं एका रद्दीवाल्याकडे मिळाला. एक श्वासभर त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं जिंकले. मग त्यांनी भिंग लावलं. मग मोजायची पट्टी काढली. मग चेहरा विझला.

"हा कापलाय कोणीतरी. आत्ता. कड बघ, पांढरीफेक. जुनी कड पिवळी पडते." आणि मग हळूच, जणू कोणी गेल्याची बातमी सांगतात तसं, "म्हणजे अख्खा ताव होता कुणाकडे तरी."

"ताव असला तर काय होतं?"

त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला रांगा काढून दाखवल्या. "समज, छापायच्या प्लेटवरच एक रांग सरकून बसली. कटरवाला शेकडो ताव एकावर एक ठेवतो आणि ठरलेल्या अंतराने पातं मारतो. त्याचं पातं सरळ, छापणाऱ्याचं चित्र वाकडं. एकाच बाजूला झुकणारा बेवडा नसतो, तूच म्हणाली होतीस ना? तेव्हापासून झोप नाही मला. पण दाखवणार कशावर? सुट्या कार्डावरून काही कळत नाही. न कापलेला एक ताव हवा. रांगांमधलं अंतर मोजलं की दोन मिनिटांत निकाल. संग्रहासाठी म्हणून अकरा वर्षं शोधतोय मी."

मी टेबलाची कड धरली.

"तुकडे पुन्हा जोडले तर?"

"ज्याने खोटा माल खपवायला एकदा पातं चालवलं, त्याच्या तुकड्यांवर कोण विश्वास ठेवील? अंतरही त्यानेच कापून बनवलं म्हणतील. मी स्वतः म्हणेन." मग ते चिडले. पहिल्यांदा चिडलेले बघितले. "ह्याचं नाव शोधून काढणार मी. पुस्तकात छापणार. परत कोणी ह्याला कागदाजवळ उभं करता कामा नये."

पळत दुकानात गेले. रविवार, कुलूप. शटरपाशी बसून आठवलं की कतरण दर शनिवारी जाते. तीन शनिवार होऊन गेले. तिचा लगदा होऊन नवा कागदही झाला असेल. त्यावर कोणीतरी काहीतरी लिहीत असेल.

बाबांनी चौतीस वर्षं पुरावा सांभाळला. मी दुपारच्या सुट्टीत संपवला.

११ मार्च, मंगळवार

मला कसं कळलं नाही? पाचवी रांग माझ्या हाताखाली होती. टेकलेली दिसत होती. मी ते इथे लिहिलंयसुद्धा, वीस तारखेला, बसच्या विनोदासकट. मागची पानं उलटून वाचली. डोळे होते, बोटं होती, पट्टी होती. मोजलं आणि छाटलं.

१२ मार्च, बुधवार

सांगून टाकलं. जेवणं झाल्यावर, दोघांसमोर.

"बाबा, तो ताव मी कापला. तो माणूस कापणाऱ्याचं नाव पुस्तकात छापणार म्हणतोय."

आईने वरही बघितलं नाही. "काढ गं कार्टे. उगाच त्यांना छळू नको. माणूस यायचाय रविवारी."

"आई, खरंच कापला."

"कवळीच्या वेळी पण खरंच गटारात पडली होती. मग डब्यात कशी निघाली?"

दोऱ्याचा डबा आणून उपडा केला. सत्तेचाळीस पक्षी जमिनीवर. आई बघत राहिली. मग म्हणाली, "हे कुठून छापून आणलेस? अगदी खऱ्यासारखे आहेत."

मी बाबांकडे बघितलं. ते हसत होते. त्यांचं हसू हल्ली अर्ध्याच तोंडावर येतं.

"लपवलंय... हिने," आईला म्हणाले. "देईल... रविवारी."

मी रडायला लागले. तेही त्यांना नाटक वाटलं असणार, कारण गेल्या वर्षी मालक मेले म्हणून मी अर्धा तास रडले होते आणि मालक दारात उभे. बाबांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ ठेवला. मी खरं बोलले आणि घरात एकही माणूस मला ओळखेना.

आईने पक्षी गोळा केले. "चांगले आहेत. शिवायला आलेल्या पोरांना देईन."

१५ मार्च, शनिवार

आईने बाबांचा निळा शर्ट इस्त्री केला. बाबांनी दाढी करून मागितली. हनुवटीखाली थोडं कापलं तरी ते हलले नाहीत.

उद्या काय होणार मला माहितीये. ते गादीकडे बोट दाखवतील. मी पुठ्ठे काढीन. आत कोरा कागद.

पळून जावं असं वाटतं. पण मला माहीत असलेले रस्ते बाजारापर्यंतच जातात, आणि तिथे भिंगवाले बसतात.

१६ मार्च, रविवार

जसं झालं तसं लिहिते.

भिंगवाले अकराला आले. चपला दारातच काढल्या, खुर्ची दिली तरी टोकावर बसले. बाबांना "दादा" म्हणाले. लिहायची वही काढली.

"दादा, मला एकच विचारायचंय. त्या वेळचा न कापलेला ताव तुम्ही बघितला होता? तुमच्याकडे आहे? असला तर सगळं बदलेल."

आई माझ्याकडे बघून डोळ्यांनी म्हणाली, आण आता. मी उठले.  बाबांच्या खुर्चीमागून जाताना त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट पकडलं. एवढा जोर त्या हातात आहे हे दवाखान्यालाही माहीत नसेल.

"ताव... नाही," बाबा म्हणाले. "नव्हताच."

"अहो!" आई.

"मीच," बाबा म्हणाले. "वाकडं... कापलं."

भिंगवाल्यांनी पेन खाली ठेवलं. "दादा, नीट आठवून सांगा. प्लेटवर रांग सरकलेली असू शकते. मला तशी शंका आहे. तुमच्यावर उगाच..."

"प्लेट... ठीक. हात... माझा."

"आणि लोक म्हणतात ते? पिण्याचं?"

खोलीत फक्त आईच्या मशीनचं चाक थोडं फिरत होतं, तिचा पाय निसटला होता म्हणून. बाबांनी मान हलवली. एकदा. हो.

आई उठून आत गेली. आत तिने नळ सोडला आणि सोडूनच ठेवला.

भिंगवाल्यांनी लिहून घेतलं. लिहिताना त्यांना वाईट वाटत होतं हे मला दिसत होतं. जाताना बाबांचा चालणारा हात दोन्ही हातांत घेतला. "कबूल करायला धीर लागतो, दादा." मग माझ्याकडे वळले. "आणि तो कापणारा सापडला ना, की ह्यांच्या शेजारी त्याचं नाव छापतो. ह्यांनी बिचाऱ्यांनी निदान स्वतःहून सांगितलं."

बाबा पटकन म्हणाले, "सोडा... त्याला. पोर... असेल... कोणी."

मनगटावर चार बोटं उमटली आहेत. बाबांना झालंय काय? न केलेलं आठवतंय त्यांना? झटक्यानंतर असं होतं का, डॉक्टरांना विचारायला हवं. की माझ्यावर राग आहे, मी लपवलेलं काढलं नाही म्हणून?

आणि मी बोलले का नाही? हात धरला होता म्हणून, असं लिहिणार होते. खोटं आहे. तोंड नव्हतं धरलं. मला बोलायचंच नव्हतं. हात निमित्त झाला.

१९ मार्च, बुधवार

आई माझ्याशी बोलते, बाबांशी नाही. चौतीस वर्षं गल्लीशी, नातेवाइकांशी, स्वतःच्या भावाशी भांडली ती. "माझा नवरा पीत नाही." आता भांडायला कोणी उरलं नाही. मशीन दिवसभर चालू ठेवते. काय शिवते कोण जाणे. आज बघितलं तर एकच शिवण परत परत घालत होती.

३० मार्च, रविवार

बाजारात गेले नाही. तरी बाजार घरी आला.

बाबांच्या कबुलीची बातमी भिंगवाल्यांच्या लोकांत पसरली. आता वाकड्या खंड्याला मागणी आहे म्हणे. ज्याने पिऊन कापला तो जिवंत आहे आणि स्वतः सांगतो! आज दोघे दारात उभे. एकाच्या हातात प्लॅस्टिकच्या पाकिटात आख्खी बाटली. "दादांची सही मिळेल का? मागच्या बाजूला. छोटीशी."

मी म्हटलं, "दादा झोपलेत." आतून बाबा म्हणाले, "ये... म्हणावं."

डाव्या हाताने सही केली. त्यांना डाव्या हाताने अजून अक्षर येत नाही. सही तिरकी चढत कार्डाच्या बाहेर गेली. माणूस एवढा खूश झाला! "अजूनही तसाच हात आहे, नाही का!" म्हणाला आणि दोघे हसत जिना उतरले.

बाबांनी पेन मला परत दिलं. झाकण लावता येत नाही त्यांना.

५ एप्रिल, शनिवार

आज अजून एक सहीवाला आला. बाबा म्हणाले, "चष्मा."

चष्मा डोळ्यावर नव्हता, टेबलावर नव्हता. आई सवयीने म्हणाली, "काढ गं." मी लपवला नव्हता. हल्ली मी काहीच लपवत नाही. शोधला तर उशीखाली डबीत होता. मी ही डबी शंभरदा लपवली असेल, पण कधी पूर्ण उघडली नव्हती. चष्मा उचलला तर कापडाच्या खाली कागदाची घडी.

उलगडली. लांब, बारीक पट्टी. दोन मिलिमीटर, वरपासून खालपर्यंत सारखी. दोन्ही टोकांना कापायची जागा दाखवणारी छापखान्याची काळी खूण, अर्धी अर्धी.

वीस फेब्रुवारी. माझ्या पाठीवरून ओढली होती. बोट फिरवलं होतं. ज्या माणसाने आयुष्यभर कतरण बघितली, त्याला कळायला किती वेळ लागणार होता? मी नाचत होते. त्या बुधवारी मी रडले तेव्हाही त्यांना माहीत होतं. आईला म्हणाले, लपवलंय हिने. रविवारी मनगट धरलं तेव्हाही.

"सापडला?" बाहेरून बाबा.

पट्टी होती त्याच घड्यांवर घडी घातली. कापडाखाली ठेवली, होती तशी, तिरकी. डबी बंद केली. डबी परत उशीखाली.

"सापडला," म्हटलं.

बाहेर नेऊन त्यांच्या नाकावर चष्मा चढवला. तो एका कानावर खाली उतरतो, त्यांची उजवी बाजू ढिली पडलीये. सरळ केला. पुन्हा उतरला. बाबा माझ्याकडे बघत होते, चष्म्यातून, वरून, जमेल तसे. मीही बघितलं. 

सहीवाल्याने कार्ड पुढे केलं. खंड्या, डावीकडे कड जवळजवळ नाहीच.

मी पेनाचं झाकण काढलं आणि पेन त्यांच्या डाव्या हातात दिलं. कार्ड हलू नये म्हणून दोन्ही कडांवर बोटं दाबून धरली.